जलपर्णीच्या मुळांत काय साठतं: पाण्यातले जड धातू वनस्पतींवरून कसे ओळखायचे

संभाजीनगरच्या खाम नदीच्या पुलाखालून सकाळी अकरा वाजता बाटलीभर पाणी घेतलं, तर प्रयोगशाळेचा अहवाल त्या दिवशीच्या अकरा वाजताचाच असतो. कुणी रात्री दोनला टाकी मोकळी केली असेल, तर ते पाणी तोवर केव्हाच पुढं गेलेलं असतं. पात्रात अडकून पडलेल्या जलपर्णीचं तसं नाही. महिना-दीड महिना ती तिथंच मुळं सोडून असते. दिवसाचं पाणी तिच्या मुळांतून जातं, तसं रात्रीचंही जातं, आणि त्यातलं शिसं, क्रोमियम, कॅडमियम थोडंथोडं तिच्या अंगात राहतं. पाणवनस्पतींवरून प्रदूषणावर लक्ष ठेवायची पद्धत एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. कल्पना सोपी आहे. चुका होतात त्या नमुना घेताना आणि आकडे वाचताना.

आधी मोजायचं काय ते पाहू. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, तांबं, जस्त ही नेहमीची यादी; आर्सेनिक खरं तर अर्धधातू, पण त्याच पंगतीला बसतं. तांबं आणि जस्त वनस्पतीला आणि आपल्याला थोडं लागतंच, शिसं आणि कॅडमियम कुणालाच लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एका लिटरला शिसं ०.०१ मिलीग्रॅम, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२ आणि पारा ०.००१ मिलीग्रॅम अशा मर्यादा आहेत. मराठवाड्यात घरोघरी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा, पेन आलाय, म्हणून सांगून ठेवतो: त्या पेनाला यातलं काहीही कळत नाही. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ७०० असेल आणि त्यात शिसं मर्यादेच्या पाचपट, म्हणजे ०.०५ मिलीग्रॅम असेल, तरी पेन ७००च दाखवणार. पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट वाफ गेल्यानं किंचित दाटच होतात.

वनस्पती धातू धरते कशी

मुळाच्या पेशीभित्तिकेवर ऋणभार असतो, आणि पाण्यात विरघळलेले बहुतेक धातू धनभारित असतात. त्यामुळे पहिला टप्पा नुसता चिकटण्याचा. मेलेलं मूळही एवढं करतं. दुसऱ्या टप्प्यात धातू पेशीच्या आत शिरतो, आणि तो स्वतःच्या दारानं येत नाही. कॅडमियम जस्ताच्या आणि कॅल्शियमच्या वाटेनं घुसतं, क्रोमियमचं क्रोमेट हे रूप सल्फेटच्या वाटेनं, आर्सेनिकचं आर्सेनेट फॉस्फेटच्या. आत आल्यावर वनस्पती त्याला गंधकयुक्त रेणूंत बांधते आणि पेशीतल्या रिक्तिकेत टाकून देते. नको असलेला पसारा आपण माळ्यावर टाकतो, तसंच ते. धातू नष्ट होत नाही, फक्त वाटेतून बाजूला होतो.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, जलपर्णीत धातूचा मोठा साठा मुळांत असतो, पानांत कितीतरी कमी. क्रोमियमचं हे सगळ्यात ठळक दिसतं: विषारी सहा-संयुजी क्रोमियम मुळात तीन-संयुजी होतं आणि तिथंच अडकतं. दुसरी गोष्ट अशी की आपलं पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते कॅडमियमशी दारातच स्पर्धा करतं, आणि पीएच आठच्या वर गेला की शिसं विरघळलेलं न राहता गाळाच्या कणांवर बसतं. म्हणून कोकणातल्या मऊ पाण्यातल्या जलपर्णीचे आकडे मराठवाड्यातल्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नये.

वनस्पती पाण्याच्या किती पट धातू साठवते, या संख्येला संचय गुणांक किंवा बीसीएफ म्हणतात. वनस्पतीच्या कोरड्या वजनाच्या एका किलोतला धातू भागिले एका लिटर पाण्यातला धातू. पाण्यात शिसं ०.००५ मिलीग्रॅम आणि कोरड्या मुळांत किलोला ५ मिलीग्रॅम, तर गुणांक १०००.

आता याचा प्रयोगशाळेला फायदा काय? हिशेब मांडून पाहू. ०.००५ मिलीग्रॅम शिसं साध्या ज्वाला-एएएस यंत्राला (नमुना ज्योतीत फवारून प्रकाशशोषणावरून धातू मोजणारं यंत्र) भरवशानं दिसत नाही. त्याच पाण्यातल्या जलपर्णीची अर्धा ग्रॅम कोरडी पूड आम्लात विरघळवून ५० मिलिलिटर केली, तर त्या द्रावणात लिटरला ०.०५ मिलीग्रॅम शिसं येतं. वनस्पतीनं हजारपट दाट केलं, आपण शंभरपट पातळ केलं, हाती दसपट उरलं. ज्या महाविद्यालयाकडं आयसीपी-एमएससारखं महागडं यंत्र नाही, त्याच्यासाठी ही दसपट फार मोलाची आहे.

कुठली वनस्पती घ्यायची

जलपर्णी सगळीकडं मिळते, ओळखायला सोपी आहे, नमुनाही भरपूर निघतो. पण ती तरंगते. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यात वाऱ्यानं तिचे पट्टेच्या पट्टे एका काठावरून दुसऱ्या काठाला जातात. आज पैठणच्या बाजूला उचललेलं रोप गेल्या आठवड्यात कुठं होतं, हे सांगता येत नाही. त्यामुळे मोठ्या जलाशयात सुट्या जलपर्णीवरून ‘या ठिकाणचं प्रदूषण’ काढणं चूकच. नाल्यात, बंधाऱ्याच्या तोंडाशी, झुडपांत अडकलेली जुनी गादी असेल तर चालते.

पाणकणीस जागा सोडत नाही. पण ते गाळात रुजलेलं असतं, त्यामुळे त्याच्या मुळांतला धातू पाण्याइतकाच गाळाबद्दल बोलतो, आणि गाळात दहा-वीस वर्षांपूर्वीचंही साठलेलं असू शकतं. चालू प्रदूषण पकडायचंय की जुना हिशेब काढायचाय, हे ठरवून वनस्पती निवडावी. हायड्रिलासारख्या बुडीत वनस्पती पाण्यातून पानांवाटेही घेतात. लेम्ना, म्हणजे पाण्यावर टिकल्या पसरल्यासारखी दिसणारी बारीक वनस्पती, झटपट वाढते. पाण्याच्या विषारीपणाची तिच्यावरची ७ दिवसांची चाचणी जगभर प्रमाणित आहे. त्यात टिकल्या मोजायच्या आणि वाढ किती खुंटली ते पाहायचं. मात्र त्यातून पाणी विषारी आहे एवढंच कळतं, कोणत्या धातूनं ते नाही. बेशरम काठावर असतेच, पण अर्धी मातीत, अर्धी पाण्यात. तिच्या नादी लागू नये.

सगळ्यात खात्रीचा मार्ग वेगळाच आहे: रोप आपण नेऊन ठेवायचं. स्वच्छ पाण्याच्या टाक्यात एकाच आकाराची जलपर्णीची रोपं तीन-चार आठवडे वाढवायची, त्यातली काही सुरुवातीचा आकडा काढायला बाजूला ठेवायची, आणि बाकीची तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून ठरलेल्या जागी दगड बांधून सोडायची. १० ते १४ दिवसांनी काढायची. कुठं होती, किती दिवस होती, सगळं ठाऊक. पिंजरा बांबूचा करा. जुन्या पीव्हीसी पाइपात स्थिरक म्हणून शिशाची संयुगं असू शकतात, आणि जस्ताचा मुलामा दिलेली तार लावली तर जस्ताचे आकडे सरळ फेकून द्यावे लागतील.

नमुना घेताना

किमान चार जागा लागतात: सांडपाणी मिळण्याच्या वरची एक, मिळतं त्याच्या खालची एक, आणखी दीड-दोन किलोमीटर खाली एक, आणि ओढा मोठ्या नदीला किंवा तलावाला मिळतो तिथली एक. वरच्या जागेचा नमुना नसेल तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. त्याचं कारण आपल्या जमिनीत आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर बसलाय, आणि बेसाल्टात तांबं, क्रोमियम, निकेल, लोह हे ग्रॅनाइटपेक्षा मुळातच खूप जास्त असतं. काळ्या मातीत ते उतरलेलं आहे. म्हणजे जिथं एकही कारखाना नाही अशा ओढ्यातल्या लव्हाळ्यातही क्रोमियम सापडणार. उलट नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडं, देगलूर-बिलोलीकडं, ग्रॅनाइटचा खडक येतो. तिथला ‘स्वच्छ’ आकडा घेऊन संभाजीनगरच्या ओढ्याशी तुलना केली, तर खडकातला फरकच प्रदूषण म्हणून छापून येईल.

प्रत्येक जागी तीन गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यात पाच रोपं, साधारण एकाच वयाची आणि उंचीची. फुलोऱ्यातली, पिवळी पडलेली, किडीनं खाल्लेली टाळा. रोपं त्याच ठिकाणच्या पाण्यात हलवून गाळ झटका, मग नळाच्या पाण्यानं, मग तीन वेळा ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवा. जास्त वेळ भिजत ठेवू नका. पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे घाला. साध्या रबरी मोज्यांतून जस्त उतरतं. नमुना नव्या पॉलिथिनच्या पिशवीत, बर्फाच्या पेटीत. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला नमुना घेऊच नये.

जलपर्णीची मुळं म्हणजे बारीक केसांचा झुबका, आणि काळ्या मातीचा गाळ त्यात असा बसतो की दहा धुण्यांनी निघत नाही. शिवाय मुळांवर लोहाचा तांबूस थर चढतो आणि तो स्वतःच धातू धरून ठेवतो. धुतल्यावरही गाळ उरला का, हे ओळखायची युक्ती आहे: त्याच द्रावणात अ‍ॅल्युमिनियम मोजा. वनस्पतीला अ‍ॅल्युमिनियम फारसं नको असतं, मातीत ते खच्चून असतं. एखाद्या गठ्ठ्यात क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही एकदम चढलेले दिसले, तर तुम्ही वनस्पती मोजलेली नाही, माती मोजली आहे. फक्त क्रोमियम चढलंय आणि अ‍ॅल्युमिनियम जागेवर आहे, तेव्हा लक्ष द्या.

सोबत पाण्याचा नमुनाही लागतो. पॉलिथिनची बाटली १० टक्के नायट्रिक आम्लात रातभर बुडवून, ऊर्ध्वपातित पाण्यानं धुऊन न्या. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काठावरच गाळा, पहिले १०-२० मिलिलिटर टाकून द्या, आणि मगच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. लिटरला दीड-दोन मिलिलिटर तीव्र आम्ल बऱ्याच ठिकाणी पुरतं, पण आपल्या अल्कधर्मी पाण्याला ते कमी पडू शकतं, तेव्हा पीएच पट्टी लावून खात्री करा. क्रम उलटा झाला, आधी आम्ल आणि मग गाळणी, तर गढूळ पाण्यातल्या मातीचा धातू विरघळून ‘विरघळलेल्या धातूं’त मिसळतो. पावसाळ्यातले भलतेच मोठे आकडे पुष्कळदा असेच आलेले असतात. सहा-संयुजी क्रोमियम वेगळं मोजायचं असेल तर त्या बाटलीत आम्ल घालायचंच नाही. ती थंड ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवायची.

प्रयोगशाळेत

मुळं, देठ आणि पानं वेगळी करा. चाकू स्टीलचा नको, त्यात क्रोमियम आणि निकेल आहे, सिरॅमिकचा घ्या. कागदी पाकिटांत ६० ते ७० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण ४८ तास वाळवा. पारा मोजायचा असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका, तो उडून जातो. पत्र्याच्या ट्रेमध्ये गच्चीवर उन्हात वाळवलेला नमुना रस्त्याची धूळ आणि पत्र्याचं जस्त दोन्ही घेऊन येतो. पूड चिनी मातीच्या खलात करा, मिक्सरच्या भांड्यात नाही.

अर्धा ग्रॅम पूड अचूक तोला. त्यात ८ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल आणि २ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून बंद भांड्यांच्या मायक्रोवेव्ह यंत्रात १८०-२०० अंशांवर पचवा. यंत्र नसेल तर धुराड्याखाली गरम तबकडीवर जमतं, पण पूड आम्लात रातभर थंड मुरू द्या आणि पेरॉक्साइड थेंबाथेंबानं घाला. गरम द्रावणात एकदम ओतलं तर फसफसून नमुना बाहेर येतो. द्रावण कोरडं पडू देऊ नका. गार झाल्यावर गाळून ५० मिलिलिटर करा.

दर फेरीत दोन-तीन कोरे नमुने ठेवा: सगळं तसंच करायचं, फक्त पूड नाही. त्यात धातू निघाला तर तो तुमच्या आम्लातला किंवा भांड्यांतला आहे. शिवाय ज्याचे आकडे प्रमाणित आहेत अशी संदर्भ पूडही सोबत चालवा. बीसीआर-६७० ही लेम्नापासूनच बनवलेली आहे. तिचा आकडा प्रमाणित आकड्याच्या ८०-१२० टक्क्यांच्या आत आला नाही, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाजूला ठेवा. हे मनावर दगड ठेवून करावं लागतं, पण करावं.

यंत्रानं ०.१२ मिलीग्रॅम प्रतिलिटर दाखवलं, तर कोऱ्या नमुन्याचा आकडा वजा करून गणित असं: ०.१२ गुणिले ५० भागिले ०.५, म्हणजे किलोला १२ मिलीग्रॅम. हे कोरड्या वजनावर. जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे ओल्या वजनावर हाच आकडा ०.६ होतो. कुणाचा अहवाल कोरड्यावर आणि कुणाचा ओल्यावर, हे न पाहता तुलना केली की वीसपट चूक एका झटक्यात.

आकडे वाचताना

बीसीएफ मोठा म्हणजे प्रदूषण मोठं, असं वाचणारे खूप भेटतात. बहुतेकदा उलटं असतं. पाण्यात धातू जसा वाढतो तशा मुळांवरच्या जागा भरत जातात आणि गुणांक उतरतो. म्हणून सगळ्यात मोठा गुणांक बरेचदा सगळ्यात स्वच्छ जागेचा निघतो. प्रदूषणासाठी किलोमागचे मिलीग्रॅम पाहा आणि वरच्या जागेच्या किती पट आहेत ते पाहा. त्याच जागेच्या तीन गठ्ठ्यांत आपापसात २०-३० टक्के फरक असेल, तर दोन जागांमधला सव्वापटीचा फरक म्हणजे काहीच नाही. तिप्पट असेल तर बोला.

दुसरा चकवा वाढीचा. शहराचं सांडपाणी मिळालेल्या ओढ्यात नत्र-स्फुरद मुबलक असतं, जलपर्णी आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तेवढाच धातू दुप्पट वजनात वाटला जातो. किलोमागचा आकडा पडतो, प्रदूषण कमी झालेलं नसतं. असल्या पाण्यात मुळंही आखूड राहतात. स्फुरद कमी असलेल्या पाण्यात ती लांब, पिसासारखी होतात आणि धातू धरायला जास्त जागा मिळते. हिरवीगार, टंच जलपर्णी पाहून पाण्यात धातू आहे की नाही, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ती फक्त सांडपाणी आहे एवढं सांगते.

महिनाही पाहायला हवा. मेमध्ये आपल्या बहुतेक नद्यांत वाहतं ते सांडपाणीच असतं. जुलै-ऑगस्टच्या पहिल्या मोठ्या लोंढ्यात जलपर्णीच वाहून जाते. म्हणून मेअखेर, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा तीन फेऱ्या ठेवा आणि मेची तुलना मेशीच करा. कुठला धातू चढलाय यावरून स्रोताचा अंदाज येतो, पुरावा मिळत नाही. क्रोमियम-निकेल जोडीनं चढले तर मुलाम्याचा उद्योग. जस्त-शिसं जोडीनं असतील तर भंगार वितळवणाऱ्या भट्टीची धूळ. नुसतं तांबं असेल तर आधी वरच्या बागांमधल्या बुरशीनाशकाची चौकशी करा, मोसंबी आणि द्राक्षांवर तांब्याची फवारणी नेहमीची आहे.

आणि सफाई?

जलपर्णी लावून पाणी शुद्ध करायच्या योजना अधूनमधून निघतात. एक हेक्टर गच्च जलपर्णीचं ओलं वजन २०० टन धरा. कोरडं झालं १० टन. किलोला २० मिलीग्रॅम शिसं असेल तर एकूण शिसं २०० ग्रॅम. म्हणजे पाव किलोहून कमी शिशासाठी २०० टन ओला माल काढायचा, वाहायचा आणि कुठंतरी ठेवायचा. न काढता सोडली तर ती कुजून तळाशी जाते आणि धातू गाळात. वर गादी दाट असेल तर खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, गाळातली लोह-मँगनीजची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांना चिकटलेला धातू पुन्हा पाण्यात येतो. कारखान्याच्या तोंडाशी छोट्या बांधीव टाक्यात, शेवटचा टप्पा म्हणून, ही पद्धत ठीक आहे. नदीसाठी नाही.

काढलेल्या जलपर्णीचं खत करायचा मोह मात्र सगळ्यांना होतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोला कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००, तांबं ३०० आणि जस्त १००० मिलीग्रॅम अशा मर्यादा आहेत. जलपर्णीत क्रोमियम ३० निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. कुजताना निम्मा माल वायू होऊन उडतो, क्रोमियम उडत नाही, खतात ते ६० होतं. म्हणून तपासणी तयार खताची करायची. शहराखालच्या ओढ्यातली जलपर्णी जनावरांपुढं टाकू नये, आणि काठावर ढीगही घालू नये, पहिल्याच पावसात तो परत पाण्यात जातो.

तोच नियम गाळाला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’साठी गावतळ्याचा गाळ उचलताना सहसा काळजी नसते. पण तलावात शहराचा किंवा औद्योगिक वसाहतीचा नाला येत असेल, तर शेतात टाकण्याआधी नाल्याच्या तोंडाशी, मध्यावर आणि भिंतीजवळ अशा तीन जागांचा वरचा १५ सेंटिमीटर गाळ वेगवेगळा तपासून घ्या. एकत्र मिसळून दिला तर तोंडाजवळचा घाणेरडा थर सरासरीत लपतो.